मूळ हळू आहे

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यातल्या एका हळदीच्या मांडवात सुरेश गमरे यांनी बेंजो पार्टी थांबवली. ते मुलाकडचे नव्हते, मुलीकडचेही नव्हते. घरातल्या चपला घालून, हातात दुधाची पिशवी घेऊन ते समोरच्या इमारतीतून रस्ता ओलांडून आले, नाचणाऱ्यांमधून वाट काढत पॅड वाजवणाऱ्या तरुणापर्यंत गेले आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"मूळ हळू आहे," ते म्हणाले.

"काका, हळद आहे. मयत नाही," पॅडवाला म्हणाला.

"असेल. पण मूळ हळू आहे."

गमरेंनी दुधाची पिशवी स्पीकरवर ठेवली, त्याच्या हातातल्या काड्या घेतल्या आणि गाणं कसं आहे ते वाजवून दाखवलं. नाचणारी मंडळी दोन ठोक्यांच्या मध्ये अडकली. एक मावशी हात वर करून तशाच उभ्या राहिल्या, कारण खाली आणायची वेळ येत नव्हती.

नवरदेवाचा चुलता पुढे आला. "कोण आहेत हे?"

"गाणं यांचंच आहे," कुणीतरी सांगितलं.

"यांचं आहे ना? मग यांनाच काय प्रॉब्लेम आहे?"

गमरेंनी काड्या परत दिल्या, पिशवी उचलली आणि घरी गेले. मांडवात गाणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. आम्ही एकाच इमारतीत राहतो. त्यांना घेऊन जायला त्यांच्या पत्नीने, सुमन वहिनींनी, मला पाठवलं होतं, म्हणून मी तिथे होतो. असं पहिल्यांदा घडत नव्हतं.

सुरेश गमरे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. ते ड्रम वाजवतात. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, नव्वदच्या दशकात तरुण असलेल्या कुणालाही विचारा, इथला सगळ्यात फास्ट ड्रमर कोण. उत्तर एकच येतं. आजही बँडमध्ये वाजवणारी पोरं पत्ता शोधत येतात आणि त्यांच्या पाया पडतात. गमरे पाय मागे घेतात.

"तो मी नाही," ते सांगतात. "ती मोटर आहे. बसा, चहा घ्या."

मोटरीची गोष्ट पुढे येईल. आधी माणूस सांगतो.

गमरेंना घाईचं वावडं आहे. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर एक घर खाली करतात. "तीनवर बरा असतो," म्हणतात. त्यामुळे मे महिन्यात त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराची बेल आरतीची धून वाजवते, तीही भरभर. गमरे ती बेल कधी दाबत नाहीत, कडी वाजवतात. रिक्षावाल्याला सांगतात, "ढकलू नका." सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींना सांगतात, "मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही ढकलताय." ड्रमरांच्या भाषेत ढकलणं म्हणजे ठोका वेळेच्या आधी टाकणं. सेक्रेटरींना हे माहीत नाही. त्यांचा समज असा आहे की गमरेंना लिफ्टच्या कामाबद्दल काही संशय आहे.

मुलगी पुण्याला असते. ती रोज व्हॉइस मेसेज पाठवते. सुमन वहिनी तो दीडपट वेगाने ऐकतात, कारण कुकर लावायचा असतो. मग गमरे तोच मेसेज मूळ वेगाने ऐकतात, मधल्या सगळ्या "हं", "आणि मग", "थांबा हं बाबा" यांच्यासकट.

"दोन मिनिटांचं बोलणं असतं," वहिनी म्हणतात. "हे त्यावर अर्धी संध्याकाळ काढतात."

"तिने दोन मिनिटं दिली ना? मग दोन मिनिटं घ्यावीत."

"लग्नाला वऱ्हाड घेऊन उशिरा आलात, तेव्हाही मूळ हळूच होतं का?"

यावर गमरे मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावतात. एकदा ते उठून गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "हा माणूस पूर्वी असा नव्हता हो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत पानावर बसायचा." मी ते तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मी पत्रकार आहे, आणि बातमी अशीच हातची जाते.

आता बँड. त्याचं नाव होतं 'दुसरी पाळी'. चौघे अंबरनाथला वेगवेगळ्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला होते, त्यामुळे तालमीला सकाळच मोकळी असायची. कुळगावच्या बाहेर एक बंद पडलेली पोल्ट्री होती, तिथे ते वाजवत. गमरेंचे वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, तिथून गमरेंच्या हातात ताल आला. गाणारा दिनकर भोईर हा कुळगावातला आगरी घरचा. आवाज एवढा भरदार की पोल्ट्रीच्या पत्र्यातून तो पलीकडच्या शेतात ऐकू जाई. बेसवर वसंत पिंगळे. गिटारवाला आता हयात नाही.

त्यांनी एकच कॅसेट काढली. तिचं नाव 'गरम पत्रा'. रेकॉर्डिंग उल्हासनगरला, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत झालं. खाली शिलाई मशिनी चालू असल्या की सगळी खोली थरथरायची, म्हणून कामगार जेवायला गेले की गाणी व्हायची. वायरिंग कच्चं होतं. पिंगळेंच्या ॲम्प्लिफायरमधून सारखा घूं असा आवाज यायचा. तो जावा म्हणून नळाला वायर बांधली, तरी गेला नाही.

कॅसेटवर आठ गाणी होती. सात लोक विसरले. आठवं 'जिना'. दुसरी पाळी संपवून घरी आलेला माणूस जिना चढतो, एवढंच त्या गाण्यात आहे. "पहिल्या मजल्यावर दिवा, दुसऱ्यावर कुणी नाही" अशी सुरुवात. कॅसेटवर ते गाणं इतकं वेगात आहे की रिक्षावाल्यांनी ते उचललं, मग बेंजो पार्ट्यांनी, आणि मग बदलापूर परिसरात 'जिना'शिवाय हळद लागेनाशी झाली. शब्दांकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गमरेंचा आक्षेप इथे आहे. "चार मजले चढतोय तो माणूस," ते समजावतात. "थकलेला आहे. कॅसेटमध्ये तो पळत सुटलाय. कुठे पळतोय? वर कोण आहे? कुणी नाही, असं गाण्यातच सांगितलंय."

मग गाणं फास्ट कसं झालं? गमरेंचं म्हणणं असं. कॅसेटच्या प्रती उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये लछूशेट यांच्या दुकानात निघाल्या. त्यांच्या कॉपी करायच्या मशीनची, मूळ टेप फिरवणारी मोटर जास्त पळायची. त्यामुळे गाणं वेगात उतरलं. बँडने वाजवलं होतं ते हळू. मूळ टेप पुरावा म्हणून असती, पण तिच्यावर नंतर कुणीतरी गरबा भरला.

ही हकीकत गमरे कित्येक वर्षं सांगत होते. रिक्षात, हळदीत, रेशनच्या रांगेत. ऐकणाऱ्याला ती पटायची, कारण उल्हासनगरच्या मालाबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटतं.

लछूशेटना ती पटत नव्हती. लछूशेट आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी आधी कव्हर दाखवलं आणि मग मोटरीचा विषय काढला.

"साईं, मेरा मशीन जपान का था," ते म्हणाले. "भजन कॉपी केलं, कव्वाली कॉपी केली, शाळेच्या कविता कॉपी केल्या. कोणी नाही बोलला फास्ट आहे. फक्त हा गमरे बोलतो. माझ्या नातवाला लोक विचारतात, वो फास्ट मोटर वाला तेरा दादा क्या? धंदे में नाम होता है ना?"

"तुम्ही गमरेंना कधी विचारलं नाही?"

"विचारलं. बोलतो, लछूशेट, मनाला लावून घेऊ नका. कसं नाय लावणार?"

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी 'जिना' इंटरनेटवर चढवलं. त्यावर नाचणारे व्हिडिओ निघाले. गमरेंना अंबरनाथच्या एका कॉलेजने कार्यक्रमाला बोलावलं. त्यांनी नकार दिला आणि त्याच आठवड्यात जाहीर केलं की 'गरम पत्रा' पुन्हा रेकॉर्ड होणार, आठही गाणी, नव्या माणसांना घेऊन, मूळ वेगात.

नवी माणसं मिळाली. बेसला प्राजक्ता शिंदे, अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. गिटार आणि कीबोर्डला अंबरनाथचे दोघे भाऊ, जे लग्नांतही वाजवतात. तिघांचीही लहानपणापासून कॅसेट पाठ. अडचण हीच होती. त्यांना 'जिना' जसं माहीत होतं तसं हवं होतं, आणि गमरे ते त्याहून बरंच सावकाश वाजवत होते.

"काका, एवढ्या हळू लोक स्किप करतील," थोरला भाऊ म्हणाला.

"करू देत. जिना चढणाऱ्यासाठी कोणी थांबतं का?"

दुसरी अडचण गाणाऱ्याची. गमरेंनी गायक निवडायला सात-आठ जण बोलावले. सगळ्यांनी 'जिना' म्हटलं, आणि बऱ्यापैकी म्हटलं. प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, "आवाज चांगला आहे. घाई आहे." एकाने मुद्दाम अगदी सावकाश म्हटलं. त्याला म्हणाले, "आता ओढताय."

शेवटी प्राजक्ताने विचारलं, "काका, तुम्हाला नक्की कोण पाहिजे?"

"दिन्या," गमरे म्हणाले.

दिनकर भोईर कुळगावातच राहतात. त्यांनी गाणं सोडून बरीच वर्षं झाली. त्यांना छातीचा त्रास आहे. कारखान्यातल्या वाफेने झाला की विड्यांनी, यावर त्यांचं आणि गमरेंचं एकमत नाही. गमरे रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जातात. रेकॉर्डिंगसाठी ते त्यांना विचारत होते आणि दिनकर नाही म्हणत होते. हा प्रश्न सुटला नाही तर गमरे रेकॉर्डिंग करणार नव्हते. ते तसं बोलले नाहीत, पण गायकाच्या माइकसमोर त्यांनी खुर्ची ठेवायला लावली होती, आणि आलेल्या एकाही गायकाला तिच्यावर बसू दिलं नव्हतं.

जागा लछूशेटनी दिली. दुकानाच्या वरची, जिथे कॉपीचं मशीन असायचं तीच खोली. भाडं नको म्हणाले. अट एकच, आधी मोटरीचा निकाल लावायचा.

"आज कल सब कंप्युटर में निकलता है," ते प्राजक्ताला म्हणाले. "बघ बेटा, माझी मशीन खोटी होती की गमरे."

गमरे म्हणाले, "टेस्ट कशाला पाहिजे? वाजवणारा माणूस समोर बसलाय."

पण प्राजक्ताला कुतूहल होतं आणि तिच्याकडे युक्ती होती. तिने मला ती अशी सांगितली. आपल्याकडच्या विजेला एक ठरलेला कंप असतो. अर्थिंग कच्चं असलं की तो आवाजात घुसतो आणि बारीक घूं ऐकू येतं. तो बदलापूरला, उल्हासनगरला, कुठेही सारखाच असतो. पिंगळेंच्या ॲम्प्लिफायरचा तो घूं कॅसेटमध्ये गाण्यांच्या अधल्यामधल्या शांततेत अजून आहे. लछूशेटची मोटर जास्त पळाली असेल, तर गाण्याबरोबर घूंसुद्धा चढा लागला पाहिजे.

चाचणीच्या दिवशी गमरे आले नाहीत. दिनकरना डॉक्टरकडे न्यायचं होतं. एका कॅसेटवर विसंबायला नको म्हणून प्राजक्ताने तीन वेगवेगळ्या घरांतून कॅसेट मागवल्या आणि दोन वेगळ्या प्लेअरवर लावल्या. घूं प्रत्येक वेळी जिथे असायला हवा तिथेच निघाला. अगदी किंचित इकडेतिकडे, जेवढं कुठल्याही कॅसेटचं होतं तेवढंच.

"म्हणजे?" लछूशेटनी विचारलं.

"म्हणजे मोटर बरोबर होती, अंकल. गाणं फास्टच वाजवलंय."

लछूशेट खुर्चीत बसले. काही वेळाने उठले, खाली जाऊन शेजारच्या दोन दुकानदारांना सांगून आले आणि पुन्हा बसले. "रविवारी गमरे येईल ना? सर्वांच्या समोर बोलेन. दालपकवान मागवतो."

आता प्रश्न राहिला तो माझा. वाजवणाऱ्या माणसाला आपण काय वेगाने वाजवलं हे आठवणार नाही का? चुकीची आठवण असू शकते. पण गमरे पंख्याचा वेग बसल्या जागेवरून ओळखतात.

मी नाशिकला पिंगळेंना फोन केला.

"हळू?" ते म्हणाले. "सुऱ्या हळू? अहो, त्याला ब्रेकच नव्हते. पोल्ट्रीत आम्ही ओरडायचो त्याच्यावर. गाणं तो आमच्या आधी संपवून विडी ओढायला बाहेर जायचा."

"मग ते मूळ हळू आहे असं का सांगतात?"

"केव्हापासून सांगतोय?"

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. मग मी तोच विचारत फिरलो. कॅसेट निघाली तेव्हा गमरे असं काही म्हणत नव्हते. नंतरही नाही. उलट त्या काळात त्यांच्या ड्रमवर रंगाने 'सुपरफास्ट' लिहिलेलं होतं, हे दोघांनी सांगितलं. सगळ्यांच्या आठवणी एका कार्यक्रमापाशी येऊन थांबत होत्या. तिथे मी नव्हतो. तिघांच्या सांगण्यात जे जुळलं तेवढंच लिहितो.

कुळगावात गणपतीच्या मांडवात जुन्या बँडला एका गाण्यासाठी बोलावलं होतं. दिनकरना तेव्हा छातीचा त्रास सुरू झाला होता, पण गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. 'जिना' सुरू झालं, कॅसेटवर आहे तसंच. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात दिनकरचा श्वास संपला. ते थांबले, पुन्हा ओळ धरायला गेले, पुन्हा थांबले. पुढची पोरं हसली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी म्हणालं, "दिनूकाका, लिफ्टने जा." गावचीच पोरं होती, दिनकरच्या घरातलीही दोन होती.

गमरे ड्रमवरून उठले आणि माइक घेतला. म्हणाले, "गाणं मूळ हळू आहे. मी ढकललं. दिनकर बरोबर होता, चूक माझी." मग पुन्हा बसले आणि अगदी सावकाश सुरुवात केली. पण दिनकर स्टेजवरून उतरले होते. त्यानंतर ते गायले नाहीत.

पुढच्या दिवसांत लोक गमरेंना विचारू लागले, मूळ हळू आहे म्हणता, मग कॅसेटमध्ये फास्ट कसं? मोटर तेव्हा आली.

ही माहिती माझ्याकडे होती, प्राजक्ताकडे तिचा घूं होता, आणि रविवार आला. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंकलनी दालपकवान मागवलंय ओ." आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की काही ठरवायचं नाही.

रविवारी लछूशेट इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेजारचे दोन्ही दुकानदार भिंतीला टेकून उभे होते. दालपकवान कागदाखाली झाकून ठेवलं होतं. प्राजक्ताच्या लॅपटॉपवर निकाल उघडा होता. गमरे आले, आणि त्यांच्या मागे, खाली, लोखंडी जिन्यावर आणखी कुणाचीतरी पावलं वाजली.

दिनकर भोईर येत होते. ते चार पायऱ्या चढत, थांबत, भिंतीला हात लावत, आणि पुन्हा चढत. लछूशेट दारात उभे राहून पाहत होते. दोघं बऱ्याच वर्षांनी भेटत होते. वर आल्यावर दिनकरनी बोलायच्या आधी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. सगळे थांबले.

"गाणार नाय हा," ते म्हणाले. "ऐकाला आलोय. हा रोज सकाळी डोकं खातो."

"बसा ना, बसा," लछूशेट म्हणाले आणि माइकसमोरची खुर्ची त्यांनीच पुढे केली.

दिनकर बसले. त्यांनी खोली पाहिली, प्राजक्ताला, दोघा भावांना, शेवटी लछूशेटना.

"लछूशेट, आता सगले हाव तर विचारतो. तुमची ती मोटर. खरंच पलायची का?"

लछूशेटचे साक्षीदार भिंतीपासून सरळ झाले. गमरे वाकून ड्रमचा एक स्क्रू आवळत होते. तो आधीच घट्ट होता. प्राजक्ताने लॅपटॉपवर हात ठेवला, पण बंद केला नाही. हा निर्णय लछूशेटचा होता.

लछूशेटनी दिनकरकडे पाहिलं, मग गमरेंच्या पाठीकडे.

"पळायची," ते म्हणाले. "एक नंबर हरामी मोटर होती, साईं. जपान का बोल के मेरे को भी किसी ने टोपी पहनाया. माफी मागतो तुमची."

"म्हणजे गाणं हलूच व्हतं."

"हळूच होतं."

शेजारच्या दुकानदारांपैकी एक म्हणाला, "पण लछू, परवा तर तू—"

"तू दालपकवान खा," लछूशेट म्हणाले.

सगळ्यांनी खाल्लं. गमरेंनी खाल्लं नाही. ते लछूशेटजवळ गेले आणि काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. लछूशेटनी त्यांना हाताने उडवून लावलं आणि खाली दुकानात गेले. जाताना भावांना बजावलं की पंखा पाचवर ठेवा, गरम होतंय. गमरेंनी तो तीनवर केला.

त्या दिवशी दिनकर गायले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या खेपेला बँड 'जिना'ची तालीम करत असताना ते खुर्चीत बसल्या बसल्या पुटपुटू लागले. धाकट्या भावाने माइक चालू करायला हात पुढे केला, प्राजक्ताने तो धरला. दुसऱ्या कडव्यापर्यंत पुटपुट गाण्याएवढी झाली. आवाज पूर्वीसारखा भरदार नाही, असं पिंगळेंनी नंतर ऐकून सांगितलं. पूर्वीचा मी ऐकलेला नाही.

आता एवढंच उरलं होतं की दिनकरना काय माहीत आहे. मी एका सकाळी गमरे यायच्या आत कुळगावला त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"तुम्हाला मोटरीचं खरं वाटलं?" मी विचारलं.

ते हसले आणि हसण्यातून खोकल्यात गेले. खोकला संपेपर्यंत मी थांबलो.

"अवो, मीच गायलोय ना तं. मना ठाव नाय? सुऱ्या असा पलवायचा का जीभ चावायची माझी. सात ठिकानी श्वास चोरलाय मी त्या गान्यात."

"मग लछूशेटना विचारलंत कशाला? सगळ्यांसमोर?"

"सुऱ्या बसलेला ना तिथं." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. गमरे वळणावर दिसत होते, हातात पाव घेऊन, सावकाश येत होते. "त्याला वाटाला पायजे ना, का मना पटलं. नायतर तो काय सोडनाराय? मरेपर्यंत लोकांच्या हलदीत जाऊन भांडत बसंल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला बोलू नका."

गमरे आले. "पत्रकार इकडे कसे?" त्यांनी विचारलं.

"चहा प्याला आलेत," दिनकर म्हणाले.

'गरम पत्रा'ची आठही गाणी मार्चमध्ये रेकॉर्ड झाली. सात गाणी प्राजक्ता आणि दोघा भावांना हवी होती तशी, कॅसेटच्या वेगाने झाली. गमरेंनी त्यातल्या एकालाही हरकत घेतली नाही. तिसऱ्या गाण्यात ते इतके पुढे गेले की प्राजक्ताला थांबून म्हणावं लागलं, "काका, ढकलताय." 'जिना' तेवढं हळू झालं.

त्याच्या अंतिम प्रतीत तिसऱ्या कडव्यानंतर एक मोकळी जागा आहे. भावांनी ती कापून देतो म्हटलं होतं. गमरेंनी नको सांगितलं. गाणं इंटरनेटवर आहे ते त्या जागेसह आहे. तिथे आवाज थांबतो आणि ड्रमही थांबतात. एक श्वास ऐकू येतो, मग दुसरा. त्यानंतर आधी दिनकर भोईर यांचा आवाज सुरू होतो, आणि ड्रम त्याच्या मागून येतात.